वरची चार बोटं

मत्र्याच्या सूकमध्ये, लुबानवाल्याच्या गल्लीतून आत,
डावीकडे तिसरं दुकान.
पाटीवरचं शेठचं नाव उन्हानं खाल्लंय.
सव्वीस वर्षं मी इथे कापड फाडतोय.
फाडतोय म्हणजे खरंच फाडतोय:
कात्रीनं फक्त चीर द्यायची,
पुढचं कापडच सांगतं कुठून जायचं ते.

अलीकडे तागे उभेच.
मुली येतात, काठ चिमटीत धरतात,
लेबलाचा फोटो काढतात,
शुक्रन म्हणतात नि जातात.
हात लावायला दुकान, घ्यायला फोन.
हात लावल्यानं कापड झिजत नाही,
असं शेठ म्हणायचे.
आता म्हणत नाहीत.
शेजारच्या हमदाननं तर कापड काढूनच टाकलं,
फ्रीजला चिकटणारे खंजीर ठेवलेत.
बंदरात टुरिस्टांचं जहाज लागलं की
त्याला जेवायला फुरसत नसते.

बुधवारी असरच्या बांगेनंतर उम्म खलफान आली,
नातीच्या खांद्यावर हात.
एक डोळा गेलेला, दुसरा जाण्याच्या बेतात.
हिच्या चार मुलींच्या लग्नाचं कापड
माझ्या हातून गेलेलं.
म्हटलं, ईदचं घ्यायला आली.
स्टूल पुसलं, चहा सांगितला.
तिनं अबायाखालून काढलं एक पाकीट,
राखाडी प्लॅस्टिकचं, दातांनी फाडल्यासारखं.
आत कापड. हिरवं, जरीची बारीक बुट्टी.
'फोनवरून मागवलंय,' नात म्हणाली
नि फोनकडेच बघत राहिली.
'हिला काय कळतंय,' म्हातारी म्हणाली,
'तू सांग. झेन?'

खोटं बोलायची एवढी सोय
सव्वीस वर्षांत कधी झाली नव्हती.
एका धुण्यात रंग जाईल.
चारच शब्द.
मी कापड दोन बोटांत चोळलं. उजेडात धरलं.
कडेचा धागा ओढून काडी लावली, वास घेतला.
किंमत विचारली.
आमच्या खरेदीपेक्षा खाली.
'झेन,' म्हटलं.

'मग मोज. चार मीटर सांगितलंय.'
लोखंडी पट्टी काढली.
एक, दोन, तीन, चार.
चार म्हणजे चार,
सूतभर इकडे नाही की तिकडे नाही.
तिनं पट्टीचं टोक चाचपलं,
त्याच्या पुढे हवेतच बोटं फिरवली.
'वरचं?'

वरचं म्हणजे चार बोटं.
माप झालं की पंजा आडवा ठेवायचा
नि त्याच्या पलीकडे चीर द्यायची.
शेठच्या बापानं घातलेली रीत, बिलात नसते.
कुणी त्याची बाळाला टोपी शिवली,
कुणी बाहीला जोड दिला,
कुणाचं पेटीत तसंच पिवळं पडलं असेल.
'वरचं ते देत नाहीत,' म्हटलं.
'का?'
याला माझ्याकडे अरबी नव्हतं.
मराठीही नव्हतं.

मोजण्याचे तिनं शंभर बैसे ठेवले.
नको म्हटलं.
मग घेतले. दिवसाची तेवढीच बोहनी.

रात्री बाणकोटहून सफूराचा व्हिडिओ कॉल.
नवा ड्रेस.
तरीतून मोटरसायकल घेऊन एक पोरगा येतो म्हणे,
दारापर्यंत आणून देतो.
'कसा आहे?'
तिनं ओढणी कॅमेऱ्याजवळ आणली,
इतकी जवळ की पडदा नुसता जांभळा.
मी बोट फिरवलं.
काच.
'छान आहे,' म्हटलं.
'वरून पाणी मारल्यावर बघ जरा, आटेल.'
'आटलं तर परत घेतात,' ती हसली,
'आणि हे बघा, या खेपेला कापड आणू नका.
बॅगेत उगाच वजन.
त्यापेक्षा तो बाम आणा, पिवळा, काचेच्या बाटलीतला.
इकडचा झोंबत नाही.'