नऊपर्यंत भांड्यात

झोपण्याआधी मी फोन घेऊन अंगण ओलांडतो.
सौनाच्या विझल्या खोलीत, वरच्या बाकावर
एक निळं भांडं आहे, एका कानाचं,
त्यात तो ठेवतो.
झाकण लावतो. वर एक दगड.
दगडाची तशी गरज नाही,
पण हेल्वी म्हणायची,
काल्यु, तुझा काही भरवसा नाही.

चाळीस पावलं.
हिऊमा बेटाच्या या टोकाला, हिवाळ्यात,
चाळीस पावलं म्हणजे
बूट, कोट, कंदील आणि एक शिवी.
तेवढं अंतर पुरतं.

मग सकाळ.
सकाळ कसली, काळोखच तो,
तांबडं फुटायला साडेआठ वाजतात.
चुलीत बर्चची साल आधी पेटते,
लाकूड चरचरतं, मग गप्प होतं.
राईच्या पावाला बुडाखाली टकटक केलं
की तो आतून पोकळ आवाजात सांगतो, झालोय.
सकाळी माझ्याशी बोलणारा तेवढाच.

सुरुवातीला हात फसायचा.
उजवा. खिशात जायचा,
रिकामा बाहेर यायचा,
दुकानातून हाकललेल्या पोरासारखा
तिथंच घुटमळायचा.
मी त्याला काम लावून दिलं:
जुनिपरच्या लाकडाच्या लोण्याच्या सुऱ्या.
आठ झाल्या.
आर्वोकडे तीन, फेरीबोटीवरच्या खानावळीत दोन,
उरलेल्या कुणाला द्यायच्या, सुचत नाही.

मारित चिडते.
ती पर्थला. तिच्याकडे दुपारची जेवणं होतात
तेव्हा मी इथं डोळे चोळतो.
‘बाबा, आणि काही झालं तर?’
झालं तर झालेलंच असेल, मी म्हणतो.
हे फार शांतपणे म्हणतो
आणि ते माझं मलाच आवडत नाही.

पण हेल्वीच्या वेळी
फोन हातातच होता.
उशाशी, छातीवर, संडासातसुद्धा.
हॉस्पिटलचा फोन पहिल्या घंटीला उचलला.
पहिल्या!
तिनं काही
घंटीची वाट पाहिली नव्हती.

नोव्हेंबरातला एक गुरुवार.
पाव एका बाजूनं करपला.
उजाडता उजाडता फाटकाशी एल्क उभी,
घोड्याहून थोराड, नाकातून वाफ,
आत बघत होती, कुणी घरात आहे का, अशी.
ती फाटकात, मी खिडकीत.
दोघांनाही कुठं जायचं नव्हतं.
मग तिनं झाडाखालची
सडकी सफरचंदं खाल्ली, निवडून,
आणि पाठ फिरवून चालती झाली.
मी एक मोजा रफू केला.
शिट्टी वाजवत होतो, एवढं आठवतं.

नऊ वाजता चाळीस पावलं.
दगड उचलला. झाकण उचललं.
आत सतरा हाका,
आणि एक फोटो:
लालबुंद, सुरकुतलेलं,
मुठी आवळून साऱ्या जगावर रागावलेलं.
तीन आठवडे आधीच.
आमच्या घड्याळानं सहा वाजून बारा मिनिटं.

मी कोटासकट बाकावर बसलो.
म्हणजे एल्क आली तेव्हा
मी आजोबा होतो.
पाव करपला तोही आजोबाच्याच हातून.
पावणेतीन तास मी कुणाचा तरी कुणी होतो
आणि मोज्याचं भोक बघत होतो.

लाज वाटली. थोडी.
मग हसू आलं, एकट्यालाच, त्या गारठ्यात.
जीव भांड्यात पडला, असं
लोक नुसतं म्हणतात.
मी झाकण काढून पाहिला.

‘कुठं होतास?’ मारितचा आवाज बसलेला.
इथंच, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
मागं कुणीतरी बारीकसं शिंकलं,
आणि मला वाटलं, हे जर मी
सहा तेराला अंथरुणातच ऐकलं असतं
तर जास्त ऐकलं असतं का?
माहीत नाही. खरंच माहीत नाही.

त्या रात्री फोन घेऊन
बराच वेळ दारात उभा राहिलो.
बर्फ भुरभुरायला लागला होता.
मग बूट, कोट, कंदील.
शिवी विसरलो.
भांड्यात ठेवला, झाकण लावलं.

दगड तेवढा
खालीच राहू दिला.