अडीच सेकंद

एकसष्ट वेळा.
एका मोसमात आमचा क्वार्टरबॅक एकसष्ट वेळा आडवा झाला
आणि प्रत्येक वेळेची फिल्म मी पाहिली,
मार्चमध्ये, तळघरात, हीटर खोकत असताना,
मागे-पुढे, मागे-पुढे,
पडलेल्या दाताची जागा जीभ चाचपते तसा.

लोक चेंडू बघतात. मी टाचा बघतो.
बायको म्हणते, तुला साधा स्कोअर सांगता येत नाही.
खरं आहे.
पण डाव्या गार्डचा तोल कुठे गेला ते विचारा.

ड्वोराकला मीच सांगितलं.
अकरा वर्षं सेंटर. गुडघ्यांत माझ्या गाडीपेक्षा जास्त लोखंड.
"बरं," म्हणाला.
लॉकरमधून बूट काढले, टॉवेल काढला.
टेपचे तुकडे तिरके कापून ठेवलेला पत्र्याचा डबा
तेवढा फळीवर राहू दिला.
"येईल त्याला लागेल."

मग माणसं शोधत हिंडलो.
नेब्रास्कात, धान्याच्या कोठारांमागच्या मैदानावर, ऑर्व्हिल टीसेन.
हात मिळवताना असा जपून,
जणू माझा मोडेल.
घेतला.
सॉल्ट लेकला सेमिसी फिफिता. त्याच्या आईनं
पैसे किती ते विचारलं नाही,
विचारलं, जेवायला तिथं सोबत कोण असतं?
मला उत्तर आलं नाही. तरी घेतला.
ह्यूस्टनचा इकेना ओबियोरा, पूल बांधायचं शिकता शिकता
इकडे वळलेला. सेंटर.
आणि लाव्हॉन पेटवे, तीन संघांनी सोडलेला,
तिसऱ्यानं तर विमानतळावर फोन करून.
क्वार्टरबॅकची पाठ असते ती बाजू,
त्याला कधीच न दिसणारी,
तिच्यावर मी अशा माणसाला उभं केलं
ज्याची पाठ कुणी राखली नव्हती.
जुन्यांतला एकटा केलरमन उरला. तो बोलत नसे.

जुलैत पाचांना कमरेला दोरी बांधली.
डावीकडे एक पाऊल, म्हटलं.
पाच पावलं पडली, पाच वेळांना.
दोरी तुटली. केलरमन नि पेटवे एकमेकांच्या गळ्याशी.
सरोवरावरून माशांचा वास येत होता,
आणि पलीकडच्या बंद पोलाद कारखान्याचा भोंगा
कुणी तरी अजून दुपारी वाजवतं, तो वाजला.

ड्वोराक न बोलावता आला. काठी टेकत,
उलट्या बादलीवर बसला.
ओबियोराला म्हणाला, परक्या मैदानावर सत्तर हजार लोक ओरडतात,
तुझा आवाज तुलाही ऐकू येणार नाही.
डोकं खाली. वर. मग मनातल्या मनात एक.
तो 'एक' पाचही जणांचा
सारख्याच लांबीचा हवा.

तो कसा शिकवायचा, मला माहीत नव्हतं.
ऑगस्टमध्ये सेमिसीची आई आली, मोठं पातेलं घेऊन,
नारळाच्या दुधात शिजलेलं काहीतरी, पानांत गुंडाळलेलं.
केलरमनच्या ताटात न विचारता वाढलं,
संपलं तसं पुन्हा वाढलं.
दुसऱ्या दिवशी सरावाला तो पेटवेला म्हणाला,
"सरकायच्या आधी सांगत जा."
बस, एवढंच. मी वहीत तारीख लिहून ठेवली.

सप्टेंबर. परकं मैदान. कानठळ्या.
ओबियोराचं डोकं खाली गेलं. वर आलं.
एक.
पाच डावी पावलं उचलली गेली
आणि मी मोजायला लागलो.
एका सेकंदाला काही झालं नाही.
दोन सेकंदांना काही झालं नाही.
अडीच झाले, तीन झाले,
आमचा पोरगा अजून उभा, मागे न बघता,
घरच्या स्वयंपाकघरात उभं राहावं तसा.
मग अख्खं स्टेडियम एकाएकी गप्प झालं.
चेंडू कुठे गेला ते मला अजून माहीत नाही.

सोमवारच्या पेपरात क्वार्टरबॅकचा फोटो होता, हसरा.
पाचांपैकी एकाचंही नाव नव्हतं.
चौकटीच्या कडेला कुणाची तरी बोटं कापली गेली होती,
अर्धीच.
त्यांच्यावरची टेप तिरकी कापलेली.