दर बाराव्या दिवशी

दर बाराव्या दिवशी, पहाटे सहा सत्तावीसला,
तो सांग्यावरून जातो, सातशे किलोमीटर उंचावरून.
ढग असोत, काळोख असो, त्याला दोन्ही सारखेच पातळ.
मी ताळगावच्या पठारावर, डबा अर्धा खाऊन,
त्याच्या दोन फेऱ्या एकमेकींतून वजा करते.
उरतात रंगांचे पट्टे.
एक पट्टा म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटर,
माझ्या अंगठ्याचं एक पेर:
एवढी जमीन त्याच्याकडे आली, किंवा दूर गेली.

जांभ्याचे उघडे सडे स्वच्छ दिसतात.
बंद खाणीचे लाल कापे दिसतात,
देवळाचा पत्रा, कपेलाची पांढरी भिंत.
पण ज्या डोंगराखाली जमीन वाजते
तिथे रान आहे,
आणि पावसात रान असं वाढतं
की बारा दिवसांपूर्वीच्या रानाशी त्याची ओळख पटत नाही.
पडद्यावर नुसता रंगीत रवा सांडलेला.
जिथे पाहायचं, नेमका तिथेच.

म्हणून सोयरू वेळीपच्या परसात
आम्ही एक कोपरा रोवला:
ॲल्युमिनियमचे तीन पत्रे, एकमेकांना काटकोनात,
तोंड आभाळाकडे तिरकं, तळाला पाणी जायला भोक.
वरून आलेली हाक आली तशी परत करायची,
एवढंच त्याचं काम.
सोयरूला एक वही दिली. धक्का बसला की वेळ लिहायची.

चौथीपर्यंतच्या मराठी शाळेतलं अक्षर, टोकदार:
‘कोंबड्या झापल्यावर, एक.’
‘टिप्पर गेल्यासारखा आवाज. टिप्पर नाही. खाण बंद आहे.’
‘जेवताना. पेज हलली.’
‘रात्री सात. सुनेने मोजले, मी झोपलो होतो.’

ही वही मी पावसाच्या आलेखाखाली धरते.
जुलैत तीन दिवसांत सहाशे मिलिमीटर.
मग काही नाही. काही नाही.
मग विसाव्या दिवसापासून धक्क्यांची रांग, सगळे बारके,
पेपरात यायच्या लायकीचा एकही नाही.
मधले वीस दिवस पाणी कुठे होतं?
भेगेतून भेगेत, चाचपत,
दगडाला दगडापासून केसभर सुटं करत.
ते वीस दिवस
माझ्या कुठल्याच चित्रात नाहीत.

मे महिन्यात कोपरा गप्प झाला.
लागोपाठ दोन फेऱ्या, ठिपका नाही.
खचला असेल. कलला असेल.
चोरीला गेला असेल, ॲल्युमिनियमला भाव आहे.
केप्यापर्यंत बस, बदलून सांगे, पुढे पायलटच्या मागे बसून
मी चढ चढले, पाठीला लेव्हल, मनात खचण्याचं गणित.

कोपऱ्यात सोलं वाळत होती.
तिन्ही पत्र्यांवर, गच्च, एकावर एक,
भोकातून रस ठिबकत होता, खाली करवंटी लावलेली.
सुकांती, सोयरूची सून, म्हणाली,
सुपात आठवडा लागतो, इथे दोन दिवस.
पत्रा उगाच ऊन खात बसला होता.
सोयरू माझ्या तोंडाकडे बघत होता, रागावते का म्हणून.
मग त्यानेच विचारलं, यंदा कधी?
पाऊस कसा पडतो त्यावर, मी म्हटलं.
आणि मग खरं ते सांगितलं:
कधी ते नाही सांगता येत. होऊन गेल्यावर
का झालं ते सांगता येतं, बहुतेक.
‘तें हांवूय सांगतां,’ सोयरू म्हणाला.

तक्त्यात, कारणाच्या रकान्यात, मी लिहिलं: कोकम.
सोलं अजून ओली होती. पुढची फेरी परवा पहाटे.
ती जाऊ दिली.

ऑगस्टची पानं परवा टपालाने आली.
अक्षर वेगळं, गोल, घाईतलं,
कडेला जांभळा बोटाचा ठसा:
‘पहाटे. अंधार होता.
भांड्यांच्या आधी तुमचा पत्रा वाजला.’