नऊ पॉइंट चार

शहनाज मुजावरच्या जर्नलात
‘जी’ची किंमत नऊ पॉइंट चार.
बाकी अख्ख्या वर्गाची नऊ पॉइंट आठ,
दोऱ्याला हात न लावता.

मी लाल पेन उघडलं, परत मिटलं.
तिचा लंबक बघितला. दोरा चोवीस सेंटिमीटर,
हुकापर्यंतच मोजलेला.
गोळ्याच्या पोटातला एक सेंटिमीटर
तिनं धरलाच नव्हता.
खोडू का, सर?
खोडू नको. खाली लिही, कुठं चुकलं ते.
(बाकीच्यांनी चुकायला जागाच ठेवली नव्हती.)

फेब्रुवारीत जतमध्ये लाईट गेली की
आभाळ एकदम खाली येतं.
शाळेच्या गच्चीवर बोअरच्या पाइपची दुर्बीण.
आरसा मीच घासलाय,
दोन उन्हाळे, मेव्हण्याच्या बेदाण्याच्या शेडमध्ये.
त्या रात्री गुरू लावला होता.
शहनाजनं वहीत तीन चंद्र टिपले.
पुस्तकात चार आहेत, सर. काढू चौथा?
दिसला?
नाही.
मग?
तिनं शेजारी वेळ घातली, आठ दहा.

वडील न्यायला आले, उशिरा,
अंगाला द्राक्षाच्या औषधाचा वास.
बघा की, म्हटलं.
टोपी मागं सारून ते वाकले, ते वाकलेलेच.

“चार हायती की गं.
ह्यो एक पार चिकटून बसलाय.”

तिनं बापाला कोपरानं बाजूला केलं.
बघितलं. वही कठड्यावर टेकवली,
मोबाईलचा उजेड तळहातानं झाकत.
वरचे तीन तसेच राहू दिले.
खाली नवी ओळ:
नऊ बावन्न. चार.
पहिल्यांदा दिसला अब्बांना.