बाद अकरा

कूलरखाली चार विटा होत्या.
एक विरघळली, तेव्हापासून त्या कोपऱ्यात मतपेटी आहे.
गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा,
झाकणाला पाडलेली चीर,
चिरेवर लाख, लाखेवर माझा अंगठा.

बारा उन्हाळे झाले.
वेगळं राज्य हवं की नको
हे सरकार विचारत नाही तर आपणच विचारू, म्हणून
गोळीबार चौकामागच्या आमच्या वस्तीनं
शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवस मत घेतलं.
मोजायला मी.
टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं
दोन्हीकडचं ऐकून गप्प बसलेली बाई
त्यांना दुसरी मिळाली नाही.

हो चारशे बारा.
नाही चारशे तीन.
बाद अकरा.

फरक नऊचा, अन् बाद अकरा.
त्या रात्री पोह्यांवरची तर्री निवत गेली,
गुलालाची पुडी कोणी फोडावी ते ठरेना.

बाद चिठ्ठ्या कोणी वाचत नाही. मी वाचल्या.
एकीवर: आधी नळाचं बोला.
एकीवर: गडचिरोलीले मुंबई काय अन् नागपूर काय.
एकीत दोन्ही चौकोनांत फुली, सारख्याच जोरानं.
एकीवर हळदीचं बोट, बरोबर मधल्या रेघेवर.
घरून सांगून पाठवलेलं एका बाजूला,
मनातलं दुसऱ्या बाजूला,
की नुसती चिठ्ठी धरताना लागलं, कोणास ठाऊक.
एक कोरी होती.
ती माझी. नियमाप्रमाणे मीच बाद केली.

आज भर दुपारी हेमराज निनावे आले.
मत निनावी असतं म्हणतात,
पण वस्तीत निनाव्यांचं मत शेंबड्या पोरालाही ठाऊक.
माग बंद ठेवून सायकलवर भोंगा बांधून फिरले होते 'हो'साठी.
माग आता भंगारात गेला. भोंगाही.
"पुन्हा घ्या जी मत," म्हणाले.
"तेव्हाचे शंभरेक तर मोक्षधामले पोचले.
मेलेल्याचं मत किती वर्सं चालवून राहिलो आपण?"
मग पाण्याचा पेला बघत,
"अन् माहं... माहं बदललं."

रत्नमाला गजभिये दारातच होत्या.
'नाही'च्या बाजूनं घरोघर त्याच गेल्या होत्या.
मला वाटलं, आता पेढे मागतील.
"नऊनं हरले, दोन दिवस जेवले नाही,
अन् निकालाच्या कागदावर सही केली.
तुमच्यासाठी नव्हती केली, निनावे.
मी नऊनं जिंकले असते
तर तुम्ही मला झोपू दिलं असतं का,
त्यासाठी केली.
आता पारडं माझ्याकडे झुकून राहिलं
म्हणून तोच कागद फाडू?"

"मग चुकलेल्यानं चुकीतच मराव काय?"

"तुम्ही चुकले. चारशे बारा चुकले हे कोणी सांगितलं?"

"म्हणून तर विचारा म्हणतो ना बाई!"

तेवढ्यात लाईन गेली.
कूलरचा पंखा हळूहळू थांबला,
वाळ्याचा वास जागच्या जागी बसला.
तिघांनाही एकदमच डब्याची आठवण झाली.
मी टाकी तोलून धरली, त्यांनी डबा ओढला.

तळ गंजून गेला होता.
वरच्या चिठ्ठ्या वाचता येत होत्या,
मधल्या चिकटलेल्या,
तळाशी नुसता जांभळट लगदा.
बारा वर्षं त्याच पाण्यात मी वाळा भिजवला.

गजभियेबाईंनी एक चिठ्ठी पदरानं टिपली,
काय आहे ते न बघता.
निनावे ओंजळी भरभरून गच्चीवर नेऊ लागले,
कुरडया घालतात तशा पसरायला.
मागून ह्या, चिठ्ठीगणिक एक खडा ठेवत.
"तिकडून वारा येते, इकडं ठेवा."
"मले कळते."
"काय कळते, उडाली ना ती!"

मोजायच्या की जाळायच्या,
ते वाळल्यावर बघू, असं जिन्यात कोणीतरी म्हणालं.
आवाज ओळखण्यात माझी अख्खी नोकरी गेली,
तरी मला सांगता येणार नाही, कोण.

खाली मी, तीन विटांवरचा तिरपा कूलर धरून.
कोणीतरी एक वीट आणा रे.