अकरा वारुळं

मला बोलावलं तेव्हा मी खानापुरात
कुंड्या भाजत होतो.
साहेब म्हणाले, मष्णू, वारुळं करायची. अकरा.
आतनं पोकळ.
वरनं बघणाऱ्याला खरी वाटली पाहिजेत.
वरनं कोण बघणार? मी विचारलं.
ते आभाळाकडं बघून गप्प झाले.

डोंगराच्या पोटात काय आहे
मला दाखवलं नाही.
लोक म्हणतात, आत नळकांडी फिरतात,
फिरतात हेही दिसू नये इतकी.
जड ते कडेला जातं, हलकं मधी राहतं.
चाकावर जन्म काढलेल्याला
एवढं कळतं.
पण आमच्यात इतकं फिरवलं
तर मडकं तरी होतं.

तिथं पाटी नाही.
ना कानडीत, ना मराठीत.
अख्ख्या जिल्ह्यात पाटीवरनं भांडण नसलेली
तेवढीच जागा.

जांभ्याचा चुरा, सिमेंट, तळ्यातली माती, भाताचा कोंडा.
आठ महिने थापत राहिलो.
एकेकाच्या तोंडातनं ऊन वारा यायचा,
तापानं फणफणलेल्या माणसाचा यावा तसा.
शेजारी जाळीखाली तोफ, नळी वर,
आणि नळीच्या टोकावर वेडा राघू.

मग पंचमी आली.
हट्टीवरच्या बायका तारेखालनं शिरल्या
लाह्या, दूध, हळद घेऊन.
निंगव्वा हुत्त म्हणाली, साळू वारूळ म्हणाली,
दूध एकाच बिळात ओतलं.
शिपाई शिट्टी फुंकत धावला
आणि मधेच थबकला.
हाकललं तर वरच्याला कळणार
की हे वारूळ नव्हे.
वायरलेसवर बराच वेळ खरखर.
शेवटी हुकूम आला:
पूजा होऊ दे.
दरवर्षी झाली तर बरंच.

साळू घरी आल्यावर म्हणाली,
तुमच्या वारुळातला नाग घोरतोय हो.
मी काही बोललो नाही.
सही केलीय मी कागदावर.

आता सांबऱ्याकडनं विमान आलं
की हात चाकावरच थांबतो.
माझी भट्टीपण तापते की.
ओळीनं सात भट्ट्या आमच्या,
रात्री लाल, उघड्या,
वरनं स्पष्ट दिसत असतील.
जाळी डोंगरापुरतीच आली होती.

माल उरला होता थोडा.
त्याचं बारावं केलं, परड्यात.
कोंबडी बसते त्यात अंड्यांवर,
कुणी जवळ गेलं की
टोचते.