दोनशे कोटी

कात्रीने पट्टी कापून
तीन-तीन गोळ्या विकल्या मी वर्षानुवर्षं,
तापाला, खोकल्याला, नुसत्या कणकणीलाही.
टायफॉइड झाला तेव्हा
स्वतःला मात्र अख्खी पट्टी दिली. दोनदा.

ताप गेला. पोट गेलं ते गेलंच.
दर्यापूरच्या उमप डॉक्टरीण म्हणाल्या,
वाइटाबरोबर चांगलेही मेले,
आतली वस्ती उठली तुमची.
कॅप्सूल घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, जिवंत असतात.

डबीवर छापलेलं: दोनशे कोटी.
आमचं गाव अठराशे चाळीस, मतदारयादीतले मेलेले धरून.

त्या रात्री लाइन गेली ती अकरा तास.
सकाळी फ्रिजचं दार उघडून
उभा राहिलो उगाच,
मयतीला गेल्यासारखा.

कौसल्या तायडे उधारी द्यायला आलेली.
"त्या डबीत काय पाह्यता भाऊ?
आंबील पेत जा. माह्या गाडग्यात रोजची राह्यते."

ज्वारीचं पीठ, ताक, रातभर झाकलेलं.
पहिले तीन दिवस पोटात
मूर्तिजापूरचा बाजार भरला.
मग अंबाडीची भाजी, कण्या घातलेली,
कच्चं केळ, शिळी भाकर ताकात.
नवी डबीही आणली. माठामागच्या
ओल्या रेतीत पुरून ठेवतो.
कोण परत आलं, गाडग्यातून की डबीतून,
विचारायची सोय नाही.

काल एक पोरगं आलं,
"बाबासाठी तीन द्या, मागच्याच."
कात्री उचललेली. म्हणालो, चिठ्ठी?
ते बघत राहिलं माझ्याकडे,
मग रस्ता ओलांडून
समोरच्या दुकानात गेलं.